पक्की म्हणजे कुठली?

माझ्या ताईच्या नवऱ्याला, म्हणजे माझ्या भाऊजींना, साधा प्रश्न विचारू नये. "चहा घेणार का?" असं विचारलं तरी ते आधी खिडकीबाहेर बघतात, मग घड्याळाकडे बघतात, मग स्वतःच्या पोटाला विचारल्यासारखं खाली बघतात आणि म्हणतात, "तसं बघायला गेलं तर घ्यायला हरकत नाही. पण तसं बघायला गेलं तर मघाशीच झालाय." तोवर चहा निवतो. आमच्या गल्लीत त्यांना मागून तसंबघाकाका म्हणतात. त्यांना ते माहीत आहे. त्यावर चिडावं की हसावं, हे त्यांचं अजून ठरायचं आहे.

अशा माणसानं दुसरा कुठलाही धंदा केला असता तर एक वेळ चाललं असतं. यांनी निवडला प्रिंटरच्या रिकाम्या कार्ट्रिजमध्ये शाई भरून देण्याचा. जिन्याखाली एक चिंचोळी खोली, तिच्यात एक टेबल, एक चाचणीचा प्रिंटर, सिरिंजा आणि फळीवर एकसारख्या तपकिरी बाटल्या. शेजारी माझं इस्त्रीचं दुकान. मध्ये प्लायवुडची भिंत आहे, पण ती छतापर्यंत पोचत नाही. त्यांचं सगळं बोलणं माझ्याकडे येतं आणि माझी वाफ त्यांच्याकडे जाते, असा आमचा शेजारधर्म आहे.

तर या शाईच्या दोन जाती. एक डाय. पाण्यात साखर विरघळावी तसा तिच्यात रंग विरघळलेला असतो. ती कागदात मुरते, चकचकीत दिसते, फोटोतला माणूस आत्ता बोलेल असा वाटतो. पण पाणी लागलं की ओघळते आणि उन्हात विटते. दुसरी पिगमेंट. तिच्यात रंगाची बारीक भुकटी नुसती तरंगत असते. ती कागदावर बसते, पाण्याला दाद देत नाही, अक्षर वर्षानुवर्षं काळंभोर राहतं. पण साध्या कागदावर फोटो काढला तर धडधाकट माणूस आजारातून उठल्यासारखा दिसतो. शिवाय कार्ट्रिजची भोकं बारीक असली तर ती त्यांत अडकून बसते. आणि दोन्ही एकत्र झाल्या तर दूध नासल्यासारख्या गुठळ्या होतात. इतक्या वर्षांत भिंतीवरून ऐकून ऐकून एवढं मला पाठ झालं आहे. कुणाला कुठली भरायची ते मात्र मला कळत नाही, आणि भाऊजींना तर मुळीच कळत नाही.

गिऱ्हाईक आलं की त्याची उलटतपासणी सुरू. काय छापणार? कागदाला ओला हात लागेल का? उन्हात राहणार का? किती दिवस टिकायला हवंय? एकदा एक वकीलसाहेब घाईत होते. "किती दिवस टिकायला हवंय?" भाऊजींनी विचारलं. "खटल्याचा निकाल लागेपर्यंत," वकील म्हणाले. भाऊजी गंभीर झाले. "मग मात्र पिगमेंट," असं म्हणाले, आणि लगेच, "पण समजा तडजोड झाली तर..." वकीलसाहेबांनी कपाळाला हात लावला. मी भिंतीपलीकडून म्हटलं, "साहेब, तुम्ही तारीख घ्या आणि उद्या या."

लोक तरीही त्यांच्याकडेच येतात, कारण भरलेलं कार्ट्रिज कधी गळत नाही आणि कुणी काही विचारलं तर हा माणूस खोटं सांगत नाही. फक्त खरं काय ते ठरायला त्याला वेळ लागतो.

आमचे वडील रंगारी होते. कापडाचे तागेच्या तागे उकळत्या हंड्यांत बुडवायचे. त्यांचे हात कोपरापर्यंत कधी निळे, कधी तांबडे. जेवताना आई म्हणायची, आज कुठल्या रंगाचा माणूस जेवायला बसलाय बघू. आमच्या घरी पक्का आणि कच्चा या दोन शब्दांवर संसार चालायचा. जो रंग धाग्याच्या पोटात शिरतो तो पक्का. जो धाग्यावर नुसता बसतो तो कच्चा. तो पाहुणा, आज आहे, उद्या नाही. परीक्षा सोपी. कोरड्या कापडावर अंगठा दाबून घासायचा. अंगठ्याला रंग लागला तर कच्चा. धुवून बघायचं ते नंतर, आधी अंगठा.

ताईचं लग्न ठरताना वडिलांनी भाऊजींना विचारलं होतं, "मुलगी पसंत आहे ना?" तेव्हा हा गृहस्थ म्हणाला, "तसं बघायला गेलं तर पसंतच आहे." बाहेर आल्यावर वडील आईला म्हणाले, "रंग कच्चा आहे. पण सूत चांगलं आहे. आपली पोरगी रंगवून घेईल." ताई अजून रंगवतेच आहे.

मध्यंतरी भाऊजींच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. कुठल्या डोळ्याचं आधी करायचं यावर त्यांनी डॉक्टरांचं डोकं खाल्लं, ते सोडा. ऑपरेशननंतर डॉक्टरांनी वाकायचं नाही, डोळ्याला धूळ लागू द्यायची नाही आणि बारीक काम तर करायचंच नाही, असं बजावलं. मग ताई दुकानात बसायला लागली. भाऊजी काळा चष्मा लावून कोपऱ्यातल्या स्टुलावर बसायचे आणि तोंडी सूचना द्यायचे. ताईचा हात चांगला होता. सिरिंज एकदाही डचमळली नाही. अडचण एकच होती. फळीवरच्या बाटल्यांवरची अक्षरं शाई ओघळून ओघळून कधीच पुसली होती. भाऊजी बाटली कानाशी हलवून ओळखायचे. पिगमेंट तळाला बसते, तिचा आवाज जड येतो म्हणे. ताईला सगळ्या बाटल्या सारख्याच वाजायच्या.

अशात एक दिवस दुपारी शिकवणीवाल्या बाई आल्या. पलीकडच्या गल्लीत त्या लहान मुलांच्या शिकवण्या घेतात. मुलांना सोडवायला गणितं छापून देतात, म्हणून त्यांचं कार्ट्रिज नेहमी आमच्याकडे येतं. येताना त्या हसत येतात. त्या दिवशी केस तसेच, ओढणी एका खांद्यावर, आणि मुठीत कार्ट्रिज असं आवळलेलं की बोटं काळी झालेली.

"बाबा कालपासून घरी नाहीत," त्या दारातच म्हणाल्या.

त्यांचे वडील निवृत्त पोस्टमन. आम्ही त्यांना कधी पाहिलेलं नव्हतं, पण त्यांच्याबद्दल बाईंकडून ऐकलं होतं. गेलं वर्षभर त्यांच्या डोक्यात गोंधळ व्हायला लागला होता. कधी मुलीला बहीण समजायचे, कधी जेवून उठल्यावर जेवायला मागायचे. सकाळी उठून कामावर निघाल्यासारखे बाहेर पडायचे आणि फेरी मारून संध्याकाळपर्यंत आपापले परत यायचे. पाय विसरत नव्हते म्हणून घरचे निर्धास्त होते. या वेळी पायही विसरले. अख्खी रात्र गेली. पोलिसांत कळवून झालं होतं, दवाखाने बघून झाले होते.

"फोनवर सगळ्यांना फोटो पाठवलाय," बाई म्हणाल्या, "पण बाबा ज्यांच्याजवळ जाऊन बसतात ती म्हातारी माणसं कुठे फोन बघतात? भिंतीवर लावायचेत कागद. फोटो हवा, मोहरीच्या रंगाचा, पिवळट स्वेटर दिसायला हवा, आणि खाली माझा नंबर. माझं काळं कोरडं पडलंय हो काका. रंगीत आहे अजून."

भाऊजी स्टुलावरून उठून उभे राहिले. "इथेच छापून देतो," ते म्हणाले. मला वाटलं, चला, झालं काम. पण नाही. माणसानं स्वभाव सोडला तर तो माणूस कसला.

"भिंत आतली की बाहेरची?" भाऊजी.

"बाहेरचीच. रस्त्यावर लावायचेत."

"म्हणजे पाणी लागू शकतं. आता चेहरा जिवंत दिसायला हवा तर मुरणारी शाई बरी. पण मुरणारी ओघळते. नंबर टिकायला हवा तर बसणारी बरी. पण ती रंगीतमध्ये घातली तर चेहरा मेल्यासारखा..." मेल्यासारखा म्हटल्यावर त्यांनी जीभ चावली. बाईंना यातलं अक्षर कळलेलं नव्हतं आणि कळून घ्यायची ती वेळही नव्हती.

"भाऊजी," मी भिंतीवरून डोकावून ओरडले, "आजोबा हरवलेत तेवढे पुरे, आता तुम्ही नका हरवू!"

त्यांनी एकदा फळीकडे, एकदा बाईंकडे बघितलं. मग आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांच्या तोंडून शाईबद्दलचं पुरं झालेलं वाक्य ऐकलं. "रंगीत आहे तसं राहू दे," ते ताईला म्हणाले. "काळ्यात पक्की भर. चेहरा गेला तरी चालेल, नंबर राहिला पाहिजे."

"पक्की म्हणजे कुठली?" ताईनं फळीकडे बघत विचारलं.

"अगं पक्की म्हणजे पक्की! जी जात नाही ती."

एवढं बोलून ते बाईंना खुर्ची द्यायला वळले. ताईनं काळ्या शाईच्या दोन्ही बाटल्या काढल्या आणि भिंतीवरून माझ्याकडे हात केला. "जरा पांढरं फडकं दे गं." मी दिलं. तिनं त्यावर दोन थेंब टाकले, फुंकर घालून वाळवले, आणि वडील करायचे तसाच अंगठा दाबून घासला. एका थेंबाचं काळं अंगठ्याला लागलं. दुसरा थेंब कापडात असा शिरला होता की मागच्या बाजूनंही दिसत होता, आणि अंगठा स्वच्छ. ताईनं मला अंगठा दाखवला. मी मान डोलावली. रंगाऱ्याच्या मुली आम्ही, रंगातलं आम्हाला कोण शिकवणार! स्वच्छ अंगठ्याच्या बाटलीतली शाई तिनं सिरिंजमध्ये ओढली.

कागद सुंदर आले. मोहरी रंगाचा स्वेटर, पांढऱ्या मिश्या, आणि कुणीतरी हाक मारल्यावर वळून बघावं तसे डोळे. खाली ठळक काळ्या आकड्यांत नंबर. पहिला कागद हातात घेतल्यावर बाईंना हुंदका फुटला. "अगदी असेच दिसतात," त्या म्हणाल्या. भाऊजींना त्या काळ्या चष्म्यातून काय दिसलं देव जाणे, पण त्यांनीही मान हलवली. संध्याकाळपर्यंत बाई आणि त्यांचा चुलतभाऊ यांनी घरापासून जुन्या टपाल कचेरीपर्यंत दोन्ही बाजूंच्या भिंतींवर आणि खांबांवर कागद चिकटवले.

रात्री पाऊस पडला. फार नाही, पण जेवढा पडला तेवढा पुरेसा होता.

सकाळी दुकान उघडायला येताना मी कोपऱ्यावरच्या खांबाशी थबकले. स्वेटरचा पिवळा खाली ओघळून नंबरावर आला होता. नंबराचा काळा फुटून निळाजांभळा झाला होता आणि आकड्यांच्या जागी नुसते पाघळलेले डाग उरले होते. आजोबांच्या चेहऱ्याची एक बाजू वाहून गेली होती. पुढच्या खांबावर तेच, त्याच्या पुढच्या भिंतीवर तेच. मी तशीच चालत दुकानात शिरले, माझ्या नव्हे, त्यांच्या.

"नंबर गेला," मी म्हटलं. "सगळीकडचा."

"शक्य नाही," भाऊजी म्हणाले. शक्य नाही असं ते कशाबद्दलच म्हणत नाहीत. "पक्की भरलीय. जाईलच कशी?"

"पक्कीच भरलीय," ताई म्हणाली. "मी अंगठ्यानं बघून भरली. हिला विचारा."

"अंगठ्यानं?"

"जिचा अंगठ्याला डाग लागला ती कच्ची. जी आत शिरली ती पक्की."

भाऊजींनी चष्मा काढला. डॉक्टरांनी काढू नका म्हणून सांगितलं होतं तरी काढला. "अगं, आत शिरते तीच पाण्यानं बाहेर येते," ते हळूच म्हणाले. "जी वर बसते तिला मी पक्की म्हणतो. पाण्यानं जात नाही ती."

"वर बसते ती पक्की?" ताईचा कानांवर विश्वास बसेना. "आमच्याकडे तिला कच्ची म्हणतात!"

"तुमच्याकडे रंग धरावा म्हणून हंड्यात मीठ घालून उकळायचे. मी कुठे उकळतो?"

एका अक्षरानं ध चा मा होतो म्हणतात. आमच्याकडे एकही अक्षर बदललं नव्हतं. इतकी वर्षं एका ताटात जेवलेल्या नवरा-बायकोत पक्की हा शब्द दोन अर्थांनी नांदत होता, आणि कुणाला पत्ता नव्हता. ते कळायला एक म्हातारा हरवावा लागला. खरं सांगते, मला अजूनही नीट कळलेलं नाही की चूक कोणाची. वडिलांचं चूक म्हणवत नाही, भाऊजींचंही म्हणवत नाही.

ताई खुर्चीवर बसली. "कुणी त्यांना बघितलं असेल रात्री," ती म्हणाली. "कागदापाशी जाऊन नंबर शोधला असेल. आणि नंबरच नाही." मला रडू आलं, आणि रडू आलं की मला राग येतो, म्हणून मी दोघांना झाडलं. एकानं नीट सांगितलं नाही, दुसरीनं नीट विचारलं नाही, म्हटलं, आणि मधल्या मध्ये बिचारा म्हातारा पावसात. मीही मान डोलावली होती हे त्या वेळी मला आठवलं नाही.

भाऊजींनी बाईंना फोन लावला. त्या पोलिसांबरोबर शहराच्या पार दुसऱ्या टोकाला होत्या. "काका, नंतर बोलू का," एवढंच म्हणून त्यांनी ठेवला. मग भाऊजी फळीपाशी गेले. बाटली कानाशी धरून हलवली, दुसरी हलवली, पुन्हा पहिली हलवली. ताईनं दुसरं रिकामं कार्ट्रिज पुढे केलं. "मी भरते, तुम्ही नुसती बाटली द्या," ती म्हणाली. पहिला कागद छापून आला तसा त्यांनी तो थेट नळाखाली धरला. आजोबा वाहून गेले. नंबर जागच्या जागी राहिला.

नव्या कागदांचा गठ्ठा प्लास्टिकच्या पिशवीत घालून आम्ही दोघं निघालो. ताई दुकानात थांबली, आणखी छापायला. मी एकटी गेले असते तर भराभर झालं असतं, पण भाऊजी ऐकेनात. "चूक माझ्या दुकानातली आहे," म्हणाले. मग काय, एका हातात पिशवी, एका हातात एकडोळे भाऊजी. प्रत्येक वळणावर ते थांबायचे. "आधी डावीकडची भिंत घ्यावी की उजवीकडची?" मी म्हणायचे, "जी पुढे येईल ती."

पहिल्या रस्त्यावर जुने ओघळलेले कागद जागच्या जागी होते. ते काढून आम्ही नवे लावत गेलो. बाजाराच्या कोपऱ्यावरून वळलो आणि बघते तर भिंत रिकामी. नुसती चिकटपट्टीची टोकं. पुढच्या खांबावर तेच. त्याच्या पुढच्या दुकानाच्या शटरवर तेच.

"कुठल्या मेल्यानं फाडले?" माझं डोकंच फिरलं. "लोकांना लाज नाही. म्हातारा माणूस हरवलाय, आणि यांना भिंत स्वच्छ हवी!"

भाऊजी खांबाला नाक लावून बघत होते. "फाडलेलं नाही हे," ते म्हणाले. "बघ ना, चिकटपट्टी नखानं उकललीय. चारी कोपऱ्यांची. घाई नाही केलेली."

"सफाईवाल्यांनी काढले असतील."

"सफाईवाले ओढून काढतात. हे कुणीतरी जपून काढलंय. पण ओला, वाया गेलेला कागद कोण जपून काढेल?" त्यांनी डोकं खाजवलं. "मला काही समजत नाही."

मलाही समजत नव्हतं. पण एक गोष्ट झाली. भाऊजींचं वळणावरचं थांबणं बंद झालं. जिकडे कागद होता तिकडे तो उकलून नेलेला, जिकडे चिकटपट्टीची टोकं तिकडे आम्ही. नवे कागद लावायचं आम्ही विसरूनच गेलो. एका शाळेच्या भिंतीवरून ती टोकं फाटकापर्यंत गेली आणि संपली. फाटकाच्या आत मुलांच्या सायकली ठेवायची पत्र्याची शेड होती. शाळेला सुटी होती. दोन-चार बेवारस सायकली तेवढ्या उभ्या होत्या.

त्या सायकलींच्या सीटवर, कॅरियरवर, शेजारच्या कट्ट्यावर ओले कागद पसरून वाळत घातले होते. प्रत्येकावर एकेक खडा. आणि मधे उकिडवे बसून एक म्हातारे गृहस्थ आणखी एक कागद तळहातानं सपाट करत होते. अंगात मोहरीच्या रंगाचा स्वेटर. एक बाही भिजून लोंबलेली, पायांत एकच चप्पल.

मी तोंडावर हात धरला. भाऊजींनी माझं मनगट दाबलं. हाक मारू नको, असं म्हणायचं होतं त्यांना, ते मला समजलं.

"पाय जपून हं," आजोबा वर न बघता म्हणाले. "खालीही ठेवलेत. ओले आहेत."

"कसले कागद आहेत हो?" भाऊजींनी त्यांच्यासमोर बसत विचारलं. वाकायचं नाही म्हणून डॉक्टरांनी बजावलेला माणूस सरळ जमिनीवर बसला.

"कुणीतरी हरवलंय बिचारं." आजोबांनी एक कागद उचलून दाखवला. चेहऱ्याचा डावा अर्धा भाग निळा होऊन खाली उतरला होता. "म्हातारा माणूस दिसतोय. घरची माणसं किती कासावीस झाली असतील! आणि हे बघा, टपाल भिजू देऊन कसं चालेल? पोचायला हवं ना ज्याचं त्याला. म्हणून काढून घेतले सगळे. वाळले की परत लावतो."

"बरं केलंत," भाऊजी म्हणाले.

"नाहीतर मी कधीच फोन केला असता. ती टपरीवाली बाई म्हणाली, लावा माझ्या फोनवरून. पण नंबर कुठे आहे? पार गेलाय." आजोबा आता रागावले होते. "छापणाऱ्यानं शाई तरी बघून घ्यायची की नाही?"

"फोन करून काय सांगणार होतात?" मी कसंबसं विचारलं.

आजोबांनी माझ्याकडे असं बघितलं जसं मी भलतंच काही विचारलं. "की तुमचे कागद भिजताहेत. येऊन घेऊन जा."

भाऊजी माझ्याकडे बघायला लागले. मला त्यांच्या डोक्यात काय सुरू झालं ते दिसलं. नंबर टिकला असता तर हा फोन रात्रीच झाला असता. पण शाई टिकली असती तर कागद ओघळले नसते, आजोबांनी ते काढले नसते, आणि आपण इथे आलोच नसतो. म्हणजे बरोबर काय आणि चूक काय? माझंही डोकं गरगरायला लागलं. मी मनातल्या मनात त्यांना म्हटलं, भाऊजी, आत्ता नको. देवाला विनवावं तशी विनवते, आत्ता नको.

आजोबांनी एका कागदावरचा खडा नीट केला. मग खालच्या आवाजात, घरातलं काही विचारावं तसं, विचारलं, "सापडेल का हो हा माणूस?"

"सापडला," भाऊजी म्हणाले.

"नक्की?"

"नक्की. आत्ताच सापडला."

आजोबांनी मोठा श्वास सोडला. त्यांचे खांदेच खाली आले. रात्रभर त्या माणसाची काळजी त्यांनी एकट्यानं वाहिली होती. "बरं झालं," ते म्हणाले. "घरी कळवलं का मग? घरी आधी कळवावं."

मी पिशवीतून नवा कागद काढला, नंबर बघितला आणि फाटकाबाहेर जाऊन फोन लावला. काय बोलले ते मला आठवत नाही. बाईंना बहुतेक माझं रडणंच ऐकू गेलं असावं, कारण शाळेचं नाव त्यांनी मला तीनदा विचारलं. परत आले तर भाऊजींनी आपली चप्पल आजोबांच्या पायात घातली होती आणि दोघं मिळून कागद पालथे करत होते. एक बाजू वाळली होती.

पोलिसांची गाडी फाटकाशी थांबली. बाई उतरून धावत आल्या आणि शेडच्या तोंडाशी एकदम थांबल्या. वाळत घातलेले ते सगळे बाबा बघितले, मधे बसलेले बाबा बघितले, आणि तिथेच मटकन खाली बसून ओक्साबोक्शी रडायला लागल्या. भाऊजी हात जोडून म्हणाले, "बाई, शाईची चूक आमची होती." त्यांना ते ऐकूही गेलं नाही.

आजोबा गुडघ्यावर हात टेकून उठले. वाळलेले कागद त्यांनी गोळा केले, कडेला कड लावून एकसारखे केले आणि बाईंपुढे जाऊन अदबीनं धरले.

"हे तुमचे का?" त्यांनी विचारलं. "रडू नका बाई. सापडलाय तो. या गृहस्थांनी आत्ताच सांगितलं मला."